चौथ्या पानावरची बातमी

आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी ताटकळत बसायला नको. वहिनी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी उशाशी होती. पण आईशी शुद्धीत बोलता आलं असतं असे चार दिवस तिच्या हातून निघून गेले होते, आणि ते घालवले तिच्या वडिलांनी. मुद्दाम नाही, सवयीने. त्यात माझाही हात आहे, कारण ते पत्र टपालात पडण्याआधी मी वाचलं होतं.

या वडिलांना आम्ही कचेरीत ‘खिळे’ म्हणायचो. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. दिवसा ते पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. कुठली वाहिनी फुटली, किती घरांचं पाणी बंद, दुरुस्तीला किती तास, याचे अहवाल लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्या अहवालांबद्दल वरिष्ठांची कधी तक्रार नसे. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ते आमच्याकडे येत. तळमजल्यावर छापखाना, वर आमच्या प्रकाशनाच्या दोन खोल्या. खालचं यंत्र सुरू झालं की माझ्या टेबलावरच्या कपातला चहा थरथरायचा. त्या थरथरत्या टेबलावर खिळे नव्या प्रकरणाची पानं ठेवत आणि समोरच्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसत, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे.

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आम्ही एक मालिका काढत होतो. भीतीच्या गोष्टी, पण भूत नाही, खून तर मोजून दोन. सगळी भीती डोक्यातली. नायिका पंधरा वर्षांची. तिची धाकटी बहीण नाहीशी झालेली, आणि ती कशी झाली ते हिला आठवत नाही. वर्षाला एक पुस्तक. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव ‘ताई’ एवढंच. ही मालकांची कल्पना. पोरींची ताईला पत्रं येत, तुम्ही कितवीत आहात, तुम्हाला कोणावर विश्वास ठेवता येतो का. शेहेचाळीस वर्षांचे, टक्कल पडलेले, एकावर एक दोन स्वेटर घालणारे खिळे त्या पत्रांना गोल गोल अक्षरात उत्तरं लिहीत.

या धंद्याच्या ठरलेल्या युक्त्या असतात आणि त्यांना आमची घरगुती नावं होती. प्रकरणाच्या शेवटच्या ओळीत दार वाजतं आणि दारात कोण ते पान उलटल्याशिवाय कळत नाही, तो खिळा. वाचणाऱ्याला जागच्या जागी ठोकायचा. यात या माणसाचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून ते नाव. नायिकेला गेल्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवत नाही, ते भोक. आईवडिलांना पहिल्या प्रकरणातच कुठेतरी लांब पाठवायचं, त्याला आम्ही ‘घर झाडणं’ म्हणायचो, कारण घरात एक जरी शहाणं माणूस असलं तर गोष्ट चाळीस पानांत संपते. दप्तरात निनावी चिठ्ठी सापडली पाहिजे. जिवाभावाच्या मैत्रिणीवर संशय आला पाहिजे. आणि गुन्हा करणारा निघायला हवा तो गोड माणूस, ज्याने दुसऱ्या प्रकरणात नायिकेला आपली छत्री दिलेली असते. कधी कधी सांगणारी मुलगीच काहीतरी लपवतेय असं निघायचं, पण ते दर तिसऱ्या पुस्तकात. दर वेळी केलं तर पोरं हुशार होतात.

माझी एक निळी पेन्सिल होती. तिने मी सगळ्यांत जास्त काय काढलं असेल तर खाली जाणारा बाण. हे वाक्य खाली घ्या. ही बातमी मागे ढकला. वाचणाऱ्याला जे सगळ्यांत आधी हवंय ते सगळ्यांत शेवटी द्या. पंधरा वर्षं मी त्यांना हेच शिकवलं आणि ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे शिकले.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, बाकी काही नाही. वहिनी रफू करायच्या. कोटाला पडलेलं भोक असं भरायच्या की गिऱ्हाईक स्वतः शोधायचं आणि त्याला सापडायचं नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, “आम्हा दोघांचा धंदा एकच. हे भोकं पाडतात, मी बुजवते.” नवऱ्याची थट्टा करायला त्यांना कारण लागायचं नाही. यांना मीठ कुठंय विचारलं तर आधी डब्याचं वर्णन करतील, मग डबा हातात घेतील, आणि मग म्हणतील, उद्या सांगतो. खिळे हसायचे. वहिनी हसत नसत.

मुलीला घरात बिट्टी म्हणत. बिट्टी त्यांची पहिली वाचक. ती तेरा वर्षांची असताना रोज संध्याकाळी ते तिला प्रकरण देत, शेवटचं पान काढून. ते पान चहाच्या डब्याखाली. मग समोर बसून तिचा चेहरा बघत राहत. ती कुठे नख खाते, कुठे थांबते, कुठे मागचं पान पुन्हा काढते, सगळं वहीत टिपून घेत. पोरगी हट्ट करायची, रडायची, डब्याखालचं पान काही मिळायचं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मिळायचं. मला हे सगळं माहीत होतं आणि मला ते गमतीचं वाटायचं. वाचकाची इतकी काळजी घेणारा लेखक कोणत्या संपादकाला नको असतो?

तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी चिठ्ठीचं प्रकरण जमेना. मी दोनदा परत दिलं. ही मुलगी घाबरल्यासारखी वाटत नाही, मी म्हटलं, ही नाटकातल्यासारखी घाबरते. मग खिळ्यांनी काय केलं, तर डाव्या हाताने एक चिठ्ठी लिहिली, ‘मला माहीत आहे’, आणि बिट्टीच्या दप्तरात टाकली.

पोरगी अकरा दिवस कोणाशी धड बोलली नाही. शाळेतून येताना दुसऱ्या मुलींच्या घोळक्यामागून चालायची. जेवताना दाराकडे तोंड करून बसायची. आठव्या दिवशी तिने आपल्या एकुलत्या एक मैत्रिणीला सगळ्या वर्गासमोर खोटारडी म्हटलं, आणि ती मैत्री तिथे संपली ती संपलीच. चिठ्ठीचं प्रकरण उत्तम उतरलं. मी त्यावर एकही बाण काढला नाही.

पुस्तक छापून आलं तेव्हा बिट्टीने ते वाचलं आणि त्यात तिला आपले अकरा दिवस सापडले, दाराकडे तोंड करून जेवण्यासकट. तिने आरडाओरडा केला नाही. पुस्तक वडिलांसमोर ठेवून म्हणाली, “यापुढे मी तुमचं पहिलंच पान वाचणार. पुढचं तुमचं तुम्ही ठेवा.” तेव्हापासून ती तेच करायची. नवं पुस्तक आलं की पहिलं पान वाचायची, मिटायची आणि फळीवर ठेवायची. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. खिळ्यांना वाटायचं, मोठी झाली की राग जाईल.

ती मोठी झाली आणि एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या शहरात निघून गेली, गाडीने एका दिवसाच्या अंतरावर. चष्म्याची भिंगं घासण्याच्या कारखान्यात लागली. भिंग दिव्यासमोर धरायचं आणि चरा शोधायचा, हे तिचं काम. राहायला नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात. आईची पत्रं जायची, तिची आईला यायची. वर्षातून एकदा चार दिवस घरी यायची आणि वडिलांशी हवापाण्याचं बोलायची.

मग वहिनी आजारी पडल्या. डॉक्टरांनी खिळ्यांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की तीनेक आठवडे, त्यातले शेवटचे काही दिवस औषधाच्या गुंगीत जातील. वहिनींनी आमची तोंडं बघूनच ओळखलं. दुसऱ्या दिवशी मी एकटी भेटायला गेले तर त्यांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं.

“मला बिट्टीशी तासभर बोलायचंय,” त्या म्हणाल्या. “डोकं ठिकाणावर असताना.”

काय बोलायचं होतं तेही त्यांनी सांगितलं. चिठ्ठीचं त्यांना तेव्हा तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. नवऱ्याची वही उघडी सापडली होती. पण खिळ्यांनी हातापाया पडून सांगितलं, आठवडाभर थांब, प्रकरण पुरं होऊ दे, मग मीच सांगतो. आणि त्या थांबल्या. लेक डोळ्यांसमोर वाळत होती आणि त्या कोटांची भोकं बुजवत बसल्या. बिट्टीला वाटत होतं की त्या घरात आई तरी आपल्या बाजूची आहे.

“हे मी माझ्या तोंडाने सांगणार,” वहिनी मला म्हणाल्या. “तुम्ही मध्ये पडायचं नाही.”

फोन करू का विचारलं तर नको म्हणाल्या. वसतिगृहाचा फोन खाली ऑफिसात, भोवती दहा मुली, पोरीने तिथे उभ्या उभ्या असलं ऐकायचं का? पत्र लिहा, सावकाश वाचेल, बसून वाचेल. त्यांच्या बोटांत सुई धरायचंही बळ राहिलं नव्हतं, तेव्हा पत्र खिळ्यांनी लिहायचं ठरलं.

ते पत्र घेऊन खिळे माझ्याकडे आले. प्रत्येक लिखाण माझ्याकडे आणायची सवय, हेही आणलं. माझ्या टेबलावर पंधराव्या पुस्तकाची मुद्रितं पसरली होती आणि दुपारपर्यंत ती खाली द्यायची होती. मी पत्र घेतलं आणि वाचलं. चार पानं. पहिल्या पानावर समोरच्या भिंतीला नवा रंग दिलाय, जिना धुतला जात नाही, पाण्याचा दाब कमी झालाय. दुसऱ्यावर बिट्टी लहान असताना सुयांच्या डबीला कशी घाबरायची ते. तिसऱ्या पानावर घरात हल्ली सुई चालल्याचा आवाज नाही, असं एक वाक्य होतं. सुईला आवाज नसतो, हे मी खोडायला हवं होतं, पण मला ते आवडलं. आणि चौथ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, आई फार दिवसांची सोबती नाही, पत्र मिळताच नीघ.

मी म्हटलं, “तिसरं पान जरा लांबलंय. पण चौथं फार छान बसलंय.”

खिळ्यांचे कान लाल झाले. कौतुक झालं की व्हायचे. मी दोन वाक्यं काढली, त्यांनी पत्र पाकिटात घातलं आणि जाता जाता पेटीत टाकलं. आम्हा दोघांच्याही डोक्यात एक क्षणभरही आलं नाही की ही मुलगी या माणसाचं पहिलंच पान वाचते. वाहिनी फुटल्याचा अहवाल असता तर याच माणसाने पहिल्या ओळीत लिहिलं असतं, अमुक ठिकाणी वाहिनी फुटली आहे, त्वरित येणे.

पत्र पोचायला तीन दिवस, निघायला एक, प्रवासाला एक. सहाव्या दिवशी वहिनींनी केस विंचरून घेतले. बिट्टी आली नाही. खिळे म्हणाले, रजा मिळाली नसेल. सातव्या दिवशी म्हणाले, गाडी चुकली असेल. आठव्या दिवशी ते नुसते जिन्यात जाऊन उभे राहिले. दुखणं वाढत होतं. डॉक्टर म्हणत होते, औषध वाढवू या. वहिनी म्हणत होत्या, आज नको. दात आवळून पडून राहायच्या, गुंगी येऊ नये म्हणून.

नवव्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी मला पलंगाशी बोलावलं.

“पत्रात बातमी कुठे घातली यांनी?”

“चौथ्या पानावर,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच काय झालं असेल ते मला कळलं.

वहिनी हसायला लागल्या. हसताना खोकला आला, खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं. “तुम्ही वाचलं होतं ना? दोघं एकाच शाळेतले,” त्या म्हणाल्या. “जा, फोन करा. उभ्या उभ्या ऐकू दे.”

मी कचेरीत जाऊन फोन लावला. कोणीतरी तिला हाक मारायला गेलं. पलीकडे चपलांचे आवाज, मुलींचं हसणंखिदळणं, मग बिट्टी.

“पत्र मिळालं का गं तुला?”

“मिळालं की. भिंतीला रंग दिलाय म्हणे.”

“पुढचं वाचलंस?”

“नाही, मावशी. तुम्हाला माहितीये.”

“आई वाचणार नाही. आज नीघ.”

मग तिने जे विचारलं ते मी अजून विसरलेले नाही. आवाज न चढवता, दिव्यासमोर भिंग धरून चरा बघावा तसं तिने विचारलं, “हे त्यांनी तुम्हाला सांगायला लावलंय का? कुठल्या पुस्तकासाठी?”

“नाही गं. वहिनींनी सांगितलंय.”

“निघते,” ती म्हणाली.

ती दहाव्या दिवशी संध्याकाळी पोचली. त्या दिवशी सकाळी दहा वाजता वहिनींना दुखणं सोसेनासं झालं होतं, आणि डॉक्टरांनी कोणालाही न विचारता सुई दिली होती. त्यानंतर त्या जाग्या झाल्या नाहीत. श्वास चालू होता, हात गरम होता, एवढंच. बिट्टीने पायातले बूटही न काढता पलंगाशी बसून तीनदा हाक मारली. मग पिशवीतून ते पत्र काढलं आणि चारही पानं मोठ्याने वाचून दाखवली, आईला की स्वतःला, कोण जाणे. खिळे दारात उभे होते.

“हे पहिल्या ओळीत का नाही लिहिलंत?” तिने विचारलं.

“एकदम धक्का बसला असता तुला.”

“बसू द्यायचा.”

वहिनी आणखी तीन दिवस होत्या. दुसऱ्या दिवशी मी बिट्टीला स्वयंपाकघरात नेलं. वहिनींनी मध्ये पडू नका म्हणून बजावलं होतं, पण आता त्या स्वतः सांगणार नव्हत्या. मी एका दमात सांगितलं की चिठ्ठीचं आईला तिसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं आणि त्याची माफी तिला मागायची होती. आणि पत्र मी वाचून पसंत केलं होतं, तेही सांगितलं.

बिट्टी खिडकीतून भिंतीकडे बघत होती. रंग खरंच नवा होता.

“मला कळलं होतं ते,” ती म्हणाली. “पाचव्या दिवसापासून आई रोज माझं दप्तर तपासायची आणि काही विचारायची नाही. चिठ्ठी माहीत नसती तर शोधली कशाला असती?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस तिच्याशी?”

“ती आधी बोलेल म्हणून थांबले होते.”

माझ्याबद्दल ती चांगलं वाईट काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

वहिनींनंतर चार महिन्यांनी खिळ्यांनी सोळावं पुस्तक आणून दिलं. हे शेवटचं. नायिकेची बहीण कुठे गेली, हे पोरं पहिल्या पुस्तकापासून विचारत होती, आणि त्याचं उत्तर यात यायचं होतं. पहिलंच वाक्य होतं: ‘माझ्या बहिणीला मी स्वतः मामाकडे पोचवून आले होते, कारण आमच्या घरात ती सुरक्षित नव्हती.’ मालकांनी कपाळाला हात लावला. पहिल्याच ओळीत सगळं गेलं, पुढे काय पोरं पानांचा वास घेत बसतील? खिळे म्हणाले, ती बिचारी पोरं पंधरा पुस्तकं थांबलीत, आता आणखी नको. एवढं बोलून उठले. स्टूल नेहमीप्रमाणे टेबलाखाली सरकवलं आणि गेले.

ते वाक्य एकशे बेचाळिसाव्या पानावर नेलं ते मी. पेन्सिल माझी, बाण माझा. मालकांनी सांगितलं आणि मी केलं. पुस्तक हातोहात गेलं. खिळ्यांनी त्याची प्रत घेतली नाही आणि कचेरीचा जिना पुन्हा चढला नाही.

पुढची नऊ वर्षं त्यांनी लिहिलं ते फक्त बिट्टीला, दर आठवड्याला एक पोस्टकार्ड. मी रविवारी त्यांच्याकडे जायची. जाताना कार्ड माझ्याकडे द्यायचे, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायला. उघडंच असायचं, मी वाचायची. पहिल्या ओळीत तब्येत. ‘मी बरा आहे.’ ‘गुडघा दुखतो, डॉक्टरांकडे गेलो नाही.’ ‘पडलो, लागलं नाही.’ मग पाण्याचा दाब वगैरे. मला पेन्सिल दाखवायची गरज पडत नसे, आणि ते मतही विचारत नसत. बिट्टीचं उत्तर यायचं, दोन ओळींचं. ती वर्षातून चार दिवस येत राहिली. तिने त्यांना माफ केलं असं मला कधी वाटलं नाही. पण कार्डाला उत्तर द्यायचं ती कधी चुकली नाही.

एका सोमवारी सकाळी शेजारणीने मला बोलावून घेतलं. खिळे झोपेतच गेले होते. मी शेजारणीच्याच फोनवरून बिट्टीला लावलं आणि तिने हॅलो म्हणायच्या आत सांगितलं, “तुझे बाबा आज पहाटे गेले. झोपेत. मी बावशी बोलतेय, नव्हे, मावशी.” जीभ वळली नाही माझी. ती म्हणाली, निघते.

सगळं आटोपून ती परत गेली. आठवड्याने तिचा फोन आला. रविवारी मी पेटीत टाकलेलं कार्ड ती इकडे यायला निघाल्यावर तिकडे पोचलं होतं, तिच्या उशीवर कोणीतरी ठेवलं होतं. तिने मला वाचून दाखवलं. मी बरा आहे. खिडकीची काच बदलली. नळाला पाणी सकाळी येतं.

मला ते पाठ होतं, तरी मी विचारलं, “मागच्या बाजूला काही आहे का गं?”

कार्ड उलटल्याचा आवाज आला.

“पत्ता,” बिट्टी म्हणाली.